नाला उन्हाळ्यात वाचावा: जंगलातल्या छोट्या नदीचा भूगोल पायी कसा मांडायचा

एप्रिलमधली सकाळ, साडेसात वाजलेले. नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या एका कोरड्या नाल्यात मी टेप धरून उभा होतो, दुसरं टोक मित्राच्या हातात. वरच्या पायवाटेने मोहफुलांची टोपली घेऊन चाललेले एक काकाजी थांबले. थोडा वेळ आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाणी त नाही जी. मोजून काय राहिले?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आता देतो. पाणी असलं की नाल्याचा तळ दिसत नाही, काठ अर्धे बुडालेले असतात आणि आपलं सगळं लक्ष पाण्याकडे जातं. नाला कसा वाहतो, कुठे वळतो, कुठे कापतो, कुठे गाळ टाकतो हे सगळं तळात लिहिलेलं असतं. नागपूरकडे वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जंगलातले छोटे नाले दिवाळीनंतर मंदावतात आणि होळीपर्यंत डोहाडोहात तुटतात. मग दोन-तीन महिने तळ उघडा पडतो. अभ्यास तेव्हाच करायचा आणि पावसाळ्यात तो ताडून पाहायचा. बहुतेक लोक उलटं करतात, श्रावणात फोटो काढून येतात आणि नदी बघितली म्हणतात.

पुढे जे लिहिलंय ते मी आणि माझ्या दोन मित्रांनी सुट्टीच्या दिवशी, चुकत-माकत जमवलेल्या पद्धतीवरून. भूगोलाच्या विद्यार्थ्याला, शाळेतल्या सरांना किंवा नुसतीच हौस असलेल्याला एका वर्षात एक नाला पूर्ण मांडता येईल.

नाला कोणता घ्यायचा

आधी नागपूरच्या पाण्याची वाटणी समजून घ्या, नाहीतर आपला नाला कुठे जातो हेच कळणार नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं बरंच पाणी वर्धा नदीकडे जातं. काटोलची जाम आणि वडगाव धरणाची वेणा या त्या बाजूच्या. उत्तर आणि पूर्वेकडचं पाणी कन्हानमधून वैनगंगेला मिळतं. पेंच, सावनेरची कोलार आणि आपल्या शहरातल्या नाग व पिवळी या नद्या सगळ्या कन्हानच्या घरच्या. पेंच आणि कोलार कामठीजवळ बिना संगमावर कन्हानला भेटतात. वर्धा आणि वैनगंगा खाली चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवर एकत्र येऊन प्राणहिता होतात आणि ती गोदावरीत जाते. म्हणजे पश्चिमेकडच्या कोंढाळीच्या आणि ईशान्येकडच्या रामटेकच्या टेकडीवर एकाच दिवशी पडलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर वेगवेगळे फिरून शेवटी एकाच समुद्राला मिळतात. आपला नाला या दोनपैकी कोणत्या घरचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरी गोष्ट दगडाची. नागपूर अशा जागी वसलंय की पश्चिमेला निघालात तर दख्खनचा काळा बसाल्ट आणि उत्तर-पूर्वेला गेलात तर त्याच्यापेक्षा कितीतरी जुना नाइस, शिस्ट, संगमरवर. बाजारगाव-कोंढाळीकडचा नाला आणि देवलापारकडचा नाला यांत तळाचा रंगसुद्धा वेगळा. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी दुसऱ्या बाजूचा नाला सुचवतो. तिथे वाळू असते, आणि वाळूत वाचायला खूप काही असतं.

आकार छोटाच घ्या. पाणलोट दहा ते पंधरा चौरस किलोमीटरचा पुरे. मुख्य धार सात-आठ किलोमीटरची, म्हणजे दोन-तीन सकाळी चालून होते. खालच्या टोकाला एखादा रपटा (पुरात पाणी वरून जाणारा बुटका पूल) किंवा छोटा पूल असेल तर फार सोयीचं, कारण पावसाळ्यात मोजायला पक्की जागा मिळते.

व्याघ्र प्रकल्पाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीत पायी फिरण्याचा विचार सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे; 'आम्ही अभ्यासाला आलो होतो' हे कुणी ऐकून घेत नाही. प्रादेशिक वनविभागातलं किंवा गावाला सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल निवडा. तिथेही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा आणि ग्रामसभेच्या लोकांना सांगून जायचं. अर्जावर तारखा, माणसांची नावं आणि 'नमुना म्हणून काहीही उचलणार नाही' हे वाक्य टाका. ड्रोन घेऊन जाऊ नका.

घरी बसून करायचं काम

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा लागेल. जुन्या क्रमांकपद्धतीत नागपूरचा बराच भाग '५५ के' आणि '५५ ओ' या दोन पत्रकांत येतो. ७९ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेला के, पूर्वेला ओ. नागपूर शहर ५५ ओ/४ मध्ये आणि रामटेक ५५ ओ/७ मध्ये. नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, पण जुने लोक अजून 'पंचावन्न ओ'च म्हणतात. सर्वेक्षणाचं साल नकाशावर छापलेलं असतं, ते आधी बघा. त्यानंतर बांधलेला तलाव त्यात सापडणार नाही.

या नकाशात उन्हाळ्यात कोरडे पडणारे नाले काळ्या रेषेने दाखवतात आणि निळा रंग पाण्याचा असतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, तपकिरी. काठाजवळ कधी '३ आर' असं काही दिसेल (अक्षर रोमन असतं), ते काठाच्या सापेक्ष उंचीचं, म्हणजे तिथे काठ तळापासून ३ मीटर उंच आहे.

आता पाणलोटाची हद्द काढायची. ट्रेसिंग पेपर, शिसपेन्सिल, खोडरबर. रपट्याच्या जागी एक टिंब द्या, तिथून सुरुवात. समोच्च रेषा नाला ओलांडताना टोकदार होतात आणि ते टोक नाल्याच्या उगमाकडे असतं; डोंगरसोंडेवर त्याच रेषा गोलसर होऊन उताराच्या दिशेने फुगतात. या फुगवट्यांच्या मधोमध चढत जा. हद्दीची रेषा प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदली पाहिजे. आणि रपट्याचं टिंब सोडलं तर तिने एकही नाला ओलांडता कामा नये. ओलांडला असेल तर कुठेतरी दुसऱ्याच्या घरात शिरलात. माझी पहिली रेषा अशीच शेजारच्या नाल्यात घुसली होती आणि पाणलोट दीडपट झाला होता.

क्षेत्रफळ काढायला संगणक नको. आलेखकागद खाली ठेवा आणि चौकोन मोजा. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, म्हणून १ चौरस सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस किलोमीटर, पंचवीस हेक्टर. कडेचे अर्ध्याहून मोठे चौकोन धरायचे, लहान सोडायचे.

समजा क्षेत्र १२ चौरस किलोमीटर आलं. एक चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, दहा लाख लिटर. मग ५० मिलिमीटरच्या एका झडीत या छोट्याशा खोऱ्यावर ६० कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं एक पंचमांशच नाल्यात आलं असं धरलं तरी १२ कोटी लिटर, दहा हजार लिटरचे बारा हजार टँकर. नागपूरकरांना हे गणित समजावून सांगायला लागू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने आपलं जुनं पात्र कुठे होतं ते घराघरांत जाऊन दाखवलं.

पुढचं काम उपनाल्यांना दर्जा देण्याचं. ज्याला एकही फाटा मिळत नाही तो पहिल्या दर्जाचा. पहिल्या दर्जाचे दोन मिळाले की दुसऱ्या दर्जाचा, दुसऱ्याचे दोन मिळाले की तिसऱ्याचा. दुसऱ्याला पहिल्या दर्जाचे कितीही येऊन मिळाले तरी तो दुसराच राहतो. ही स्ट्रालरची पद्धत. आपल्या आकाराचा नाला रपट्यापाशी साधारण तिसऱ्या किंवा चौथ्या दर्जाला पोचतो. सगळ्या फाट्यांची लांबी दोऱ्याने मोजून बेरीज करा आणि क्षेत्राने भागा. बारा चौरस किलोमीटरमध्ये ३० किलोमीटर नाले असतील तर प्रवाहघनता अडीच. दगड पाणी न मुरणारा असेल तर हा आकडा वाढतो, सच्छिद्र जमिनीत कमी होतो. मात्र दुसऱ्या नाल्याशी तुलना करायची तर एकाच प्रमाणाचा नकाशा हवा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

गुगल अर्थ आणि इस्रोचं भुवन हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ, दोन्ही उघडून ठेवा. मार्चमधलं चित्र शोधा; सागाची पानं झडलेली असतात, खोरं उघडं दिसतं. क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर उंचीच्या उपग्रह-आकड्यांवरून नाले आपोआप काढता येतात, पण जंगलात त्यावर डोळे झाकून विश्वास नको. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून रडारने जी उंची मोजली, ती दाट झाडीत जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, शेंड्यांची उंची त्यात मिसळते. संगणकाने काढलेला नाला मग खऱ्या नाल्यापासून पन्नास-साठ मीटर बाजूने, चक्क उंचवट्यावरून वाहताना दिसतो.

निघण्याआधी

पहाटे पाचला नागपूर सोडा, साडेनऊ-दहाला जंगलातून बाहेर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि कोरड्या नाल्यातली वाळू भट्टीसारखी तापते. माणशी चार लिटर पाणी. मोहाच्या दिवसांत अस्वलाची भीती वाघापेक्षा जास्त, म्हणून गावातला एक जाणता माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाच्या मजुरीचे पैसे आधीच ठरवून द्या. डोहाजवळ गेल्यावर बोलत, काठी आपटत जायचं. उन्हाळ्यात तो डोह एकट्या तुमचा नसतो. सामान फार नाही: ३० मीटरची टेप, वही, पेन्सिल (शाई घामाने पसरते), काठीवर सेंटिमीटरच्या खुणा, फोन, नकाशाची झेरॉक्स.

तळ कसा वाचायचा

खालून वर चाला. पाण्याच्या उलट दिशेने गेलं की प्रत्येक फाटा समोरून येऊन भेटतो आणि चुकत नाही. वरून खाली आलात तर निम्मे फाटे पाठीमागून निघून जातात.

दर दोनशे पावलांवर थांबा आणि तीन गोष्टी टिपा: तळात काय आहे, काठ कसे आहेत, पूर कुठपर्यंत येतो. पहिल्या दिवशी हे कंटाळवाणं वाटतं. पाचव्या थांब्यानंतर मात्र नाला बदलताना दिसायला लागतो.

तळात दगडगोटे असतील तर खाली बसा. चपटे दगड निवांत पडलेले वाटतात, पण नीट पाहिलं तर ते एकमेकांवर रेलून बसलेले असतात, दुकानदाराने थाळ्या कलत्या रचाव्यात तसे. त्यांचा उतार नेहमी वरच्या बाजूला, पाणी येतं त्या दिशेला असतो, कारण त्या स्थितीत पाणी त्यांना उलटवू शकत नाही. डोळे बांधून आणून सोडलं तरी या दगडांवरून प्रवाहाची दिशा सांगता येईल. तिथलेच सर्वांत मोठे दहा दगड निवडून त्यांची मधली जाडी मोजा. ज्या पुराने हे हलवले त्याच्या ताकदीचा तो अंदाज. वर वर जाताना दगड मोठे आणि कोनाचे होत जातात, खाली लहान आणि गुळगुळीत. मध्येच एखाद्या ठिकाणी एकदम मोठे, धारदार दगड आले तर आजूबाजूला पाहा: एकतर बाजूचा फाटा येऊन मिळालाय, किंवा काठ ढासळलाय.

दगडांची जात ओळखायला फार शिक्षण नको. जड, काळा, मध्येच पांढऱ्या खड्यांचे डोळे असलेला तो बसाल्ट. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नाइस. उन्हात चमचमणारा, नखाने पापुद्रे सुटणारा तो अभ्रकाचा शिस्ट. पांढरा, साखरेच्या खड्यासारखा दाणेदार दिसतो तो संगमरवर. मनसर-कांद्रीच्या भागात फारच जड, काळसर, हाताला काजळी लावणारा दगड सापडला तर ते मँगनीज. तिथल्या खाणी त्याच्याच. आता मजा अशी की नाल्यात सापडलेला दगड वरून आलेला असतो. वरच्या टेकडीवर न चढताच ती कशाची आहे ते तळातले गोटे सांगतात. एखाद्या फाट्याच्या मुखाच्या वर संगमरवराचा एकही गोटा नाही आणि मुखाखाली दिसायला लागतात, म्हणजे संगमरवर त्या फाट्याच्या खोऱ्यात आहे. आम्ही असा एक पट्टा कागदावर आधी काढला आणि पुढच्या रविवारी तो खरोखर तिथे सापडला. त्या दिवशीचा आनंद लिहून सांगता येणार नाही.

खडकाळ पट्ट्यात गोल, रांजणासारखे खड्डे दिसतील. हे रांजणखळगे. भोवऱ्यात अडकलेला गोटा फिरून फिरून खडक कोरतो. कुकडी नदीवर निघोजला आहेत तसे मोठे इथे नसतात, वीतभर, हातभर. आत हात घालून पाहा (आधी काठीने), तळाशी तो कारागीर गोटा बरेचदा अजून बसलेला असतो.

वळणावर बाहेरचा काठ उभा, कापलेला. आतल्या बाजूला वाळूची चढती पसरण. कापलेला काठ म्हणजे मोफत मिळालेला खड्डा. त्यात थर मोजा: वर पानगळीचा काळा थर, मग माती, मग मुरूम, आणि मध्येच एखादा गोट्यांचा पट्टा. काठाच्या मध्यावर गोट्यांचा पट्टा दिसला तर नाला कधीकाळी त्या उंचीवरून वाहत होता.

पुराची खूण तळात शोधू नका, झाडांत शोधा. करंजाच्या, जांभळाच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या आणि हल्ली गुटख्याच्या पुड्या. तळापासून त्या कचऱ्यापर्यंतची उंची मोजली की गेल्या मोठ्या पुराची पातळी हातात आली. आमच्या नाल्यात ती दोन मीटर दहा सेंटिमीटर निघाली. ज्या तळात आम्ही मांडी घालून चिवडा खात होतो तिथे जुलैमध्ये डोक्यावरून पाणी गेलेलं होतं.

आणि झिरा. वाळूत हातभर खड्डा असतो, गावकऱ्यांनी किंवा रानडुकरांनी उकरलेला, आणि त्यात स्वच्छ पाणी. वाळूच्या पृष्ठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. वाटीने थोडं उपसा आणि परत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. दोन मिनिटांत भरला तर वाळूखालून धार जिवंत आहे. नकाशात जो नाला कोरडा म्हणून काळ्या रेषेने दाखवलाय, तो खरं तर खाली उतरून चाललेला असतो.

उतार मोजताना झालेली फजिती

फोन जागा बरी दाखवतो, उंची नाही. एकाच दगडावर बसून पाच मिनिटांत मला बारा मीटरचा फरक दाखवला गेला. म्हणून आम्ही गवंड्याचा लेव्हल पाइप घेतला, तो पारदर्शक, पाणी भरलेला. दोन काठ्यांना टोकं बांधायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, काठीवरच्या खुणांचा फरक म्हणजे उताराचा फरक. पद्धत सोपी आणि अचूक. आम्ही दीड तास राबून तीनशे मीटर मोजले आणि हिशेब केला तर नाला टेकडीकडे चढत होता. पाइपच्या मधोमध, वेटोळ्यात, शेंगदाण्याएवढा हवेचा बुडबुडा अडकला होता. तेव्हा मोजण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघाच. आणि दर पन्नास मीटरला पुन्हा बघा.

पूर्ण नाल्याचा उतार मात्र नकाशावरूनच काढा: समोच्च रेषा कुठे ओलांडली ते अंतर आणि ती उंची. आमच्या नाल्यात आठ किलोमीटरमध्ये १४० मीटर उतार आला. पण पहिल्या दोन किलोमीटरमध्येच ८० मीटर संपले आणि उरलेल्या सहामध्ये ६०. म्हणजे वर किलोमीटरला ४० मीटर, खाली १०. हे आलेखकागदावर काढलं की खाली कलत जाणारी वक्ररेषा दिसते. त्यात कुठे पायरी आली तर तिथे कठीण खडकाचा आडवा पट्टा असणार. पायरीखाली डोह असतो, जाऊन पाहा.

आडवा छेद तीन जागी घ्या: वर, मध्ये, खाली. टेप काठापासून काठापर्यंत ताणायची आणि दर अर्ध्या मीटरला टेपपासून तळ किती खाली ते काठीने मोजायचं. रपट्यापाशी घेतलेला छेद जपून ठेवा, पावसाळ्यात तोच लागणार आहे.

काठची झाडं

उतारावर साग, ऐन, धावडा, तेंदू. खडकाळ माथ्यावर पांढऱ्या खोडाचा कुल्लू. पण नाल्याच्या काठाने एक वेगळी, हिरवी रांग चालते: अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. अर्जुनाला आपल्याकडे कहू म्हणतात. एप्रिलमध्ये समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर पानगळ झालेल्या करड्या जंगलातून ही हिरवी रेघ नागमोडी जाताना दिसते आणि नाला नकाशाशिवाय काढता येतो. कहू जिथून सुरू होतो ती जागा टिपा, तिथून खाली उन्हाळ्यातही मुळांना ओल मिळते. वर जिथे संपतो तिथून पुढे नाला फक्त पावसापुरता.

गावात बसल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही

आमच्या नाल्याला नकाशावर नावच नाही. आम्ही खुशाल वहीवर 'अनाम नाला' लिहून मोकळे झालो होतो. मग एका पारावर चहा घेताना विचारलं तर तीन गावांत तीन नावं निघाली; वरच्या पाड्यातलं गोंडी, मधल्याचं एका देवाच्या ठाण्यावरून, खालच्यांचं नुसतंच 'मोठा नाला'. डोहांना तर सर्रास नावं असतात. जांभूळडोह, म्हैसडोह. नाव ऐकलं की विचारायचं, का? म्हैसडोहात आता गुडघाभर वाळू आहे, पण पूर्वी म्हशी बुडेपर्यंत पाणी असायचं, म्हणून नाव. गाळ किती भरला याचा पुरावा दुसऱ्या कोणत्या कागदावर मिळणार नाही.

विचारायचं कसं, तेही सांगतो. 'पूर्वी पाणी जास्त होतं का?' असं विचारलं की कुठेही, कुणीही 'हो' म्हणतं. त्यापेक्षा विचारा: नाल्यातलं पाणी कोणत्या सणापर्यंत टिकतं? तुमच्या लग्नाच्या वर्षी होळीला इथून पाणी भरलं होतं का? ही झिरी कोण उकरतं? बायकांना विचारा, कारण पाणी त्या भरतात. पुरुष पुराच्या गोष्टी सांगतात, बायका टंचाईच्या. काठच्या दोन-तीन विहिरींची पाण्याची पातळी काठड्यापासून मोजायला परवानगी मागा, मेमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पावसाळ्यात जमिनीच्या पोटात गेलेल्या पाण्याची ढोबळ खूण.

पावसाळ्यात ताडून पाहणे

पाऊस चालू असताना नाल्याच्या पात्रात उतरायचं नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर टेकडीवर झड लागलेली असू शकते, आणि उताराचा नाला अर्ध्या तासात चढतो. पाणी वाहत्या रपट्यावरून गाडीही घालायची नाही.

रपट्याच्या कठड्यावर एक पक्की जागा ठरवा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर वजन बांधलेल्या टेपने मोजा. गावातल्या एखाद्या दहावी-बारावीच्या मुलाला वही दिली तर तो तुमच्यापेक्षा नियमित मोजेल. सोबत सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून पाऊसही मोजायचा. पाऊस कधी थांबला आणि नाला सर्वांत जास्त कधी चढला, यातलं अंतर नोंदवा. दाट झाडीत, पालापाचोळ्यावर पडलेलं पाणी उशिरा येतं. उघड्या मुरमाड उतारावरचं धावत येतं आणि लाल असतं. पाण्याचा रंगही लिहून ठेवा.

प्रवाह मोजायचा तो पाऊस उघडल्यावर, पाणी पिंडरीपर्यंत उतरलं की. सरळ, दहा मीटरचा पट्टा निवडा. तरंगतं काही सोडा आणि वेळ घ्या. पाण्यात जवळजवळ बुडून तरंगणारी, वाऱ्याने न ढकलली जाणारी वस्तू हवी, त्यासाठी संत्रं उत्तम. आता नागपूरकराला याहून सोयीचं काय, असं वाटेल. पण आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरशिवाय हाती येत नाही आणि ऑगस्टमध्ये संत्र्याचा भाव ऐकून मी लिंबावर आलो. लिंबूही चालतं. पाच वेळा सोडा, मध्ये, डावीकडे, उजवीकडे, आणि सरासरी घ्या.

उदाहरण: पाण्याची रुंदी ३ मीटर, सरासरी खोली २० सेंटिमीटर, म्हणजे छेद ०.६ चौरस मीटर. लिंबाने १० मीटर २५ सेकंदांत कापले, वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण पृष्ठावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून गोट्यांच्या तळासाठी ०.८ ने गुणायचं, ०.३२. गुणाकार ०.१९२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १९२ लिटर. दर मिनिटाला एक टँकर भरून थोडं उरेल इतकं.

धार अगदी बारीक झाली की लिंबू अडकतं. मग दगडमातीने तात्पुरता आडोसा करून सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. काम झाल्यावर आडोसा मोडून टाका.

खरी गंमत ऑक्टोबरनंतर सुरू होते. परतीचा पाऊस संपला, आभाळ कोरडं, तरी नाला वाहतोय. हे सगळं पाणी जमिनीतून पाझरून येतंय. दर रविवारी त्याच जागी मोजा आणि आलेखावर टिंबं देत जा. रेषा हळूहळू उतरत गेली तर खोऱ्याच्या पोटात साठा चांगला आहे. दिवाळीच्या आत कोसळली तर माती पातळ, किंवा वरचं जंगल विरळ. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा कागद हाच, आणि त्याला खर्च एका बादलीचा.

मांडणी

एका मोठ्या कागदावर पाणलोटाची हद्द, दर्जा दिलेले नाले, दगडांचे पट्टे, डोह आणि झिरे, कहूची रांग, विहिरी, गावकऱ्यांची नावं. खाली उताराची वक्ररेषा आणि तीन छेद. बाजूला प्रवाहाचा आलेख. उभं प्रमाण आडव्यापेक्षा कितीपट वाढवलंय ते लिहायला विसरू नका, नाहीतर सातपुड्याचा पायथा हिमालय दिसतो. पुराच्या पातळीची रेषा छेदांवर लाल रंगाने काढा.

जखमी हरिण कुठे पाणी पितं, वाघाचे ठसे कोणत्या डोहाला दिसले, असलं काही नकाशावर टाकायचं नाही. कागद कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

सगळं आधी पेन्सिलीने. आम्ही आमचा नकाशा शाईने पक्का करून, लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत नेला. सगळ्यांनी कौतुक केलं. मागे उभ्या असलेल्या एका मावशी पुढे आल्या, बोटाने नाला वरपासून खालपर्यंत फिरवला, म्हैसडोहाच्या खालच्या वळणावर बोट थांबलं. "आमचा झिरा कुठं हाये?" त्या वळणाजवळून आम्ही चार वेळा गेलो होतो. उन्हाळ्यात त्यावर त्या काट्यांची फांदी टाकून ठेवतात, जनावरांनी घाण करू नये म्हणून, आणि आम्हाला ती फक्त फांदी दिसली होती. लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही. आता आम्ही पहिली प्रत साध्या कागदावर नेतो, पारावर पसरतो, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवतो आणि पेन्सिल मावशींच्या हातात देतो. शाई त्यानंतर.